लहान शाळांनी साहित्य आणि शिक्षक वाटून घेताना या चुका टाळा

एका केंद्रातल्या (आसपासच्या गावांतल्या शाळांचा गट म्हणजे केंद्र) चार-पाच लहान शाळा एकत्र यायचं ठरवतात तेव्हा पहिल्या बैठकीला उत्साह दांडगा असतो. प्रोजेक्टर, पुस्तकपेटी, इंग्रजी चांगलं शिकवणाऱ्या मॅडम, असं काय काय वाटून घ्यायचं त्याची यादी होते आणि फोटो निघतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरतात तेव्हा प्रोजेक्टर पहिल्याच कपाटात असतो. कुणाचं भांडण झालेलं नसतं. गाडी अडलेली असते ती किरकोळ जागी: सही कुणी करायची, पेटी कुणी न्यायची, हरवलं तर भरून कोण देणार.

कल्पना काही नवी नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळा संकुलाची शिफारस केली होती. एका उच्च प्राथमिक शाळेला आसपासच्या दहा प्राथमिक शाळा जोडायच्या, वरच्या पातळीवर माध्यमिक शाळेने त्यांना हात द्यायचा, अशी ती मांडणी. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम केलेले. आडगावच्या शाळेचं एकटेपण त्यांना कागदावरून समजून घ्यावं लागलं नव्हतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीच गोष्ट पुन्हा मांडली आणि संकुलाची त्रिज्या पाच ते दहा किलोमीटर सांगितली. देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांचा पट तिसाच्या आत आहे, हा २०१६-१७ चा आकडाही त्याच धोरणात आहे. आपल्याकडे केंद्रशाळा (केंद्रातली मुख्य शाळा) आणि केंद्रप्रमुख (केंद्रातल्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) ही रचना गेली कित्येक वर्षं उभी आहे. तेव्हा खालच्या चुका रचनेच्या कमी आणि वापराच्या जास्त आहेत.

‘वाटून घेणं’ म्हणजे ‘शाळा बंद’ असं गावाला वाटू देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सप्टेंबर २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. राज्यात अशा १४,७८३ शाळा असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं समोर ठेवली गेली. पुढे मार्च २०२४ मध्ये संच मान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, नवे निकष आले. तेव्हापासून ‘समूह’ हा शब्द उच्चारला तरी वाडीवरचे पालक कान टवकारतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हे शिक्षण हक्काच्या नियमांतच लिहिलेलं आहे. सहा वर्षांच्या मुलीने ओढा ओलांडून तीन किलोमीटर जावं, असं कुठल्या आईला वाटेल?

म्हणून शिक्षक दुसऱ्या शाळेत जायला लागण्याआधी, साहित्य हलण्याआधी, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला, त्यामुळे ठरलेलं घरोघर पोचतं. ठरावात एक वाक्य ठळक लिहा: या व्यवस्थेने शाळेचा पट, शिक्षकांची पदं आणि शाळेची जागा यांत बदल होणार नाही. ज्या शाळा साहित्य वाटणार आहेत त्या सगळ्यांच्या समित्यांनी हा ठराव करावा. उद्या वरून कुणी ‘तुम्ही आधीच एकत्र आलेले आहात’ म्हणत विलीनीकरणाचा कागद पुढे केला, तर हा ठराव हातात असलेला बरा. साहित्य आणि शिक्षक फिरतील, मुलं रोज फिरणार नाहीत, ही रेघ सुरुवातीलाच ओढून घ्या.

जडवस्तू संग्रहाची भीती दुर्लक्षित करणं

प्रोजेक्टर कपाटातून बाहेर का येत नाही? मुख्याध्यापक कंजूस असतात म्हणून नव्हे. तो त्यांच्या शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, चढलेला असतो आणि लेखापरीक्षणाच्या दिवशी तो जागेवर नसला तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. ही भीती खरी आहे. ‘जरा मन मोठं करा’ म्हणून ती जात नाही.

खेड्यात उसनवारी पिढ्यान्‌पिढ्या चालते, कारण किती वाट्या साखर गेली हे दोन्ही घरांना पाठ असतं. शाळेत पाठ ठेवून भागत नाही, लिहावं लागतं. दोन्ही शाळांत एक-एक देवाणघेवाण नोंदवही ठेवा. वस्तूचं नाव, मूळ शाळेचा नोंद क्रमांक, देतानाची अवस्था, दिल्याची आणि परत येण्याची तारीख, दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्या. परत येण्याची तारीख कोरी सोडू नका; ‘काम झाल्यावर’ हा शेरा म्हणजे वस्तूला कायमचा निरोप.

पुस्तकांचं वेगळं आहे. पुस्तकं फाटणार, एखादं हरवणार, आणि तसं झालं नाही तर मुलं ती वाचत नाहीत असं खुशाल समजा. एकही पुस्तक न हरवलेली पुस्तकपेटी पाहिली की मला शंका येते. फाटलेली-हरवलेली पुस्तकं वर्षाअखेरीस समितीच्या ठरावाने आणि नियमाप्रमाणे निर्लेखित करता येतात, म्हणजे नोंदवहीतून कमी करता येतात, हे सगळ्या शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. नाही सांगितलं, तर भीतीने पेटीला कुलूप लागतं. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा; नेणाऱ्याने आणि घेणाऱ्याने तिथेच मोजून खूण करायची.

सगळ्यांना एकच पेटी एकाच आठवड्यात

हा घोटाळा कागदावर दिसत नाही. सगळ्या शाळांचं वार्षिक नियोजन एकाच नमुन्यावरून उतरवलेलं असतं. त्यामुळे वजन-मापाचा घटक पाचही शाळांत एकाच आठवड्यात येतो आणि तराजू एकच. ज्याने आधी फोन केला त्याला मिळतो. उरलेले फळ्यावर तराजूचं चित्र काढून पुढे जातात, आणि त्यानंतर पेटी मागायच्या भानगडीत पडत नाहीत.

सत्राच्या सुरुवातीला नियोजन शेजारी-शेजारी ठेवून ज्या घटकांना साहित्य लागतं तेवढेच निवडा आणि त्यांचा क्रम शाळेगणिक पुढे-मागे करा. एका शाळेत आधी मापन, दुसरीत आधी आकृत्या. गणितात सगळेच घटक असे हलत नाहीत. हातच्याची बेरीज येण्याआधी हातच्याची वजाबाकी कुणी घेणार नाही. पण मापन, आकृत्या, नाणी-नोटा, कॅलेंडर हे बरेच मोकळे घटक आहेत. पेटी शाळेत किमान दोन आठवडे राहू द्या. बहुवर्ग अध्यापनात, म्हणजे एकच शिक्षक एकाच वेळी दोन-तीन वर्ग शिकवतो तेव्हा, एका वर्गाला साहित्य देऊन दुसऱ्याकडे वळायचं असतं, चार दिवसांत त्यातून काही निघत नाही.

पेटी न्यायची कुणी, हेही ठरवून टाका. दर वेळी ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्या तरुण गुरुजींच्या गळ्यात ती पडते आणि पेट्रोल त्यांच्या खिशातून जातं. महिन्याच्या शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, सगळे येतातच. अदलाबदल तिथेच झाली तर वेगळी खेप पडत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर फिरवाफिरवी बंद ठेवा, निदान पुस्तकांची तरी. भिजलेला पुठ्ठा आणि बुरशी धरलेली चित्रकार्डं परत घ्यायला कुणी तयार नसतं.

दोन शिक्षकांतला एक काढून घेणं

साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक. त्यातला एक ‘आठवड्यातून एक दिवस शेजारच्या शाळेला’ म्हणून दिला की मागे राहिलेल्याकडे एकट्याकडे पहिली ते चौथी, पोषण आहाराची नोंद आणि त्या दिवशी हमखास मागितली जाणारी ऑनलाइन माहिती. शेजारच्या शाळेला मिळालेला इंग्रजीचा तास या शाळेच्या पहिलीतल्या वाचनातून वजा होतो.

द्यायचाच असेल तर बदल्यात घ्या. एकाच दिवशी दोन शाळांतले शिक्षक अदलाबदल करतात, तेव्हा कुठलीच शाळा उणी राहत नाही. इंग्रजीत तरबेज मॅडम तिकडे, चित्रकला-कार्यानुभवात रमणारे गुरुजी इकडे. वार पक्का ठेवा, हालचाल रजिस्टरला नोंद करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या. तोंडी परवानगीवर चाललेली चांगली व्यवस्था एका तपासणीत मोडते. केंद्रशाळा सातवी-आठवीपर्यंत असेल आणि तिथे विषयशिक्षक असतील, तर पहिला भार तिने उचलावा.

यापेक्षाही सोपी आणि जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे रजांचा मेळ, आणि ती कुणीच करत नाही. लहान शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला आणि दुसरा आजारी, म्हणजे शाळा बंद पडल्यात जमा. केंद्रशाळेत रजेपुरता राखीव शिक्षक असावा, असं कोठारी आयोगाने सुचवलं होतं. तसं पद आज मिळणं कठीण. पण पाच शाळांचा एक रजातक्ता ठेवता येतो. ठरवून घ्यायच्या किरकोळ रजा आधी त्यात टाकायच्या, अचानक गरज पडली तर कुठून कोण जाईल याची पाळी लावायची, आणि एका शाळेतले दोन्ही शिक्षक एकाच दिवशी प्रशिक्षणाला बोलावू नयेत अशी लेखी विनंती केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याला करायची.

पैसे एकाच्या खात्यात गोळा करणं

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान तीसपर्यंत पटाला १० हजार रुपये आणि ३१ ते १०० पटाला २५ हजार. दहा हजारांत रंग, खडू आणि नळदुरुस्ती झाली की वर्ष संपलं. मग कुणीतरी सुचवतं, सगळ्यांनी दोन-दोन हजार काढू आणि एकत्र प्रिंटर घेऊ. हेतू चांगला, पण अनुदान ज्या शाळेच्या नावे आलं त्या शाळेच्याच खर्चात दिसायला हवं. वैयक्तिक यूपीआयवर गोळा झालेल्या रकमेचा हिशेब मार्चमध्ये जुळत नाही आणि मैत्रीही जाते.

खरेदी मिळून ठरवा, बिलं वेगळी ठेवा. एका शाळेने प्रिंटर घ्यावा, दुसरीने खेळाचं साहित्य, तिसरीने पुस्तकं. प्रत्येकाची पावती आणि नोंद आपापल्या दप्तरी, वापर देवाणघेवाण नोंदवहीतून सगळ्यांचा. प्रिंटरच्या शाईचं मात्र आधी बोलून घ्या. प्रिंटर फुकट वापरला जातो आणि शाई एकाच शाळेच्या माथी बसते. प्रत्येकाने आपला कागद आणावा आणि शाईची बाटली पाळीने घ्यावी.

शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचणं

परिपत्रकं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलीच असतात. ती मोठ्याने वाचण्यात दुपार गेली तर एकत्र येण्याचा एकमेव ठरलेला दिवस वाया गेला. पहिला तास ज्या शाळेत परिषद आहे तिथल्या मुलांसोबत प्रत्यक्ष पाठ घ्या, तोही पहिली-दुसरीच्या जोडवर्गावर. आदर्श पाठ नको, अडलेला पाठ हवा. हातचा समजत नाही, जोडाक्षरं वाचताना मुलं थबकतात, तोच घटक घ्या आणि नंतर त्यावर बोला. परिषद दर वेळी केंद्रशाळेतच भरवू नका. वाडीवरच्या शाळेत भरली की तिथली परसबाग, तिथल्या बाईंनी चिंचोक्यांतून उभं केलेलं गणित इतरांना दिसतं, आणि ही शाळा नुसती घेणारी नाही हेही कळतं. लहान शाळेला कायम मागणाऱ्याच्या जागी बसवलं, केंद्रशाळेचे बंद पडलेले संगणक तिला ‘भेट’ दिले, की पुढच्या वर्षी ती येत नाही.

मुलांना एकत्र आणताना जेवण विसरणं

बालमेळावा किंवा क्रीडादिन ठरतो, गाडी ठरते, आणि साडेबाराला कळतं की यजमान शाळेच्या स्वयंपाकी ताईंनी आपल्याच पटाचा भात शिजवलाय. दोन दिवस आधी आकडा कळवा, आपल्या मुलांचा तांदूळ-डाळ आधी पोचवा, ताईंच्या मदतीला आपल्या शाळेच्या ताईंना न्या. पोषण आहाराची नोंद मात्र प्रत्येक शाळेने आपापलीच करायची.

केंद्रप्रमुखांचं पद रिक्त असेल, किंवा एकाच माणसाकडे दोन केंद्रांचा पदभार असेल, तर हे सगळं थांबवून बसू नका. दोन शिक्षकांना एका सत्रापुरतं समन्वयाचं काम द्या: एकाकडे पेट्या, दुसऱ्याकडे रजातक्ता. सत्र संपलं की नोंदवह्या पुढच्या जोडीच्या हाती द्यायच्या, आणि त्या जोडीतला एक तरी सगळ्यात लहान शाळेचा असावा.