सड्यावर गुरं केव्हा नेऊ नयेत

नवी गाय घेतलेला माणूस मिरगाच्या पहिल्या पावसालाच फोन करतो. "काकी, सडा हिरवा झाला, सोडू का?" माझं उत्तर ठरलेलं असतं. सोडू नका.

आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, सड्याच्या उतारावर. लग्न होऊन आले तेव्हा गोठ्यात अकरा गुरं होती, आता सात आहेत. गुरं पाळायला मला सासूनं शिकवलं आणि सडा सांभाळायला पलीकडच्या वाड्यावरच्या धनगर आज्यानं. सासू सांगायची गुराला कधी काय घालायचं. आजा सांगायचा गुरं कधी घरी ठेवायची. आज्याचंच शिकायला मला जास्त वर्षं लागली.

सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण सड्यावर माती कुठं बोटभर, कुठं वीतभर. पाणी वाहून तरी जातं, नाहीतर भेगांतून झिरपत खालच्या झरीला लागतं. जुलैत जिथं पाय पचपचतो तिथं मार्चमध्ये अनवाणी उभं राहवत नाही. चार महिने कुरण आणि पुढे वाळवंटच. त्या चार महिन्यांच्या गवतावर वर्ष काढायचं असतं.

पहिल्या पावसानंतर दिसतं ते गवत नव्हे, नुसते कोंभ. गुरं ते मुळासकट उपटतात आणि खुरांनी माती कालवून ठेवतात. पुढच्या सरीला ती माती उतरून जाते. एका वर्षी पेंढा संपला म्हणून मी जूनमध्येच गुरं वर घातली. चार दिवसांत सगळ्यांना पातळ हगवण लागली, कारण त्या कोवळ्या पाल्यात पाणीच जास्त. ते निस्तरलं. पण पायवाटेजवळचा खळ्याएवढा तुकडा त्या वर्षी जो उघडा पडला, तिथं अजून कातळच दिसतो.

आज्याची परीक्षा सोपी होती. दहा ठिकाणी गवताची मूठ धरून ओढायची. मुळासकट हातात आली तर गुरं घरी. तुटली तर सोडायची. आमच्याकडे बहुतेक नागपंचमीच्या आसपास ती तुटायला लागते. तोवर माळ्यावरचा पेंढा आणि बांधावरचं कापलेलं गवत. म्हणजे जूनचा पेंढा एप्रिलमध्ये विकून खायचा नाही. हे मी स्वतःलाच सांगते आहे.

सोडल्यावरही सगळा सडा एकदम मोकळा करू नका. आम्ही तीन तुकडे मानतो: जुन्या चिरेखाणीपर्यंत, मोठ्या काजीच्या (काजूच्या) झाडापर्यंत आणि त्याच्या पलीकडचा. कुंपण कुठंच नाही, राखणारा माणूस आणि एक कुत्रा. एका तुकड्यात आठ-दहा दिवस, मग त्याला वीस दिवस विसावा.

पाणी साचणाऱ्या उथळ जागा मात्र पूर्ण सोडून द्या. तिथं श्रावण-भाद्रपदात गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं येतात. सीतेची आसवं किडे धरून खातात, कारण त्या मातीत कस नसतो. तिथं शेण पडलं की कस वाढतो, धसमुसळं गवत शिरतं आणि ही फुलं हटतात. गुराच्या पोटात जाण्यासारखं तिथं तसंही काही नसतं. टिटवीची अंडीही उघड्या कातळावरच असतात, पण ती उन्हाळ्यात. तेव्हा गुरं खाली कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला, झरीजवळ ठेवायची. आमच्यासारख्या लहान चणीच्या गाईलाही दिवसाला ३०-४० लिटर पाणी लागतं आणि सड्यावर तेव्हा थेंब नसतो.

गाय कुठली, हेही विचारतात. सड्यासाठी आपली श्वेतकपिला. अंग पांढरं, पापण्याही पांढऱ्या. दूध दोन-तीन लिटर, त्यावर नाक मुरडू नका. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं ती गोव्याची जात म्हणून नोंदली आहे. जर्सीला इथल्या उन्हात धाप लागते. कुशावती नदीच्या काठी पणसायमळला जांभ्यावर जुन्या काळी कुणीतरी बैल कोरून ठेवलेत, त्यांनाही आपल्या गुरांसारखं वशिंड आहे.

कुसळी गवत कुसळ पिळायला लागायच्या आधी कापा, नाहीतर ते गुरांच्या जिभेत आणि कातडीत घुसतं. कापताना दर चार पट्ट्यांनंतर एक पट्टा उभा ठेवा, तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. दोन कडक उन्हं दिल्याशिवाय उडवी (गवताची गंजी) रचू नका. रचल्यावर तिसऱ्या दिवशी आत हात घालून बघा. गरम लागलं तर मोडा आणि पुन्हा वाळवा. आळस केलात तर दिवाळीच्या पाडव्याला गुरांच्या गळ्यात पोळ्यांच्या माळा असतील आणि उडवीत बुरशी.

"जाळलं की गवत चांगलं फुटतं" असं सांगणारे दर माघात भेटतात. राख वाऱ्यानं आणि पहिल्या पावसानं निघून जाते, बी जळतं आणि आग खालच्या काजींत उतरते. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. आपल्या हातात असतो जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा. डिसेंबरात, गवत अर्धं हिरवं असताना, सड्याच्या कडेनं दहा हात रुंद पट्टा कापून गुरांना घाला आणि जानेवारीअखेर उरलेला पाला झाडून काढा. एकट्यानं करायचं काम नाही, वाड्यावर हाळी द्या. अकेशिया लावा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्याच्या पाल्याखाली गवत येत नाही.

आणि आधी जमीन कुणाची ते विचारा. कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेची, असो की कुणाची, कागदावर सडा बहुतेक पडीकच असतो. पेडण्यात मोपाच्या सड्यावर २०२३ पासून विमानं उतरतात.

हिवाळ्यापासून रानातून आलेल्या गुरांची कानं, कास आणि शेपटीचं मूळ रोज चाचपून गोचीड काढा. सत्तरीत माकडताप आहे आणि तो गोचिडीतून माणसाला होतो. राखणाऱ्यानं पाल्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे.

सूर्य बुडायच्या आत गुरं दावणीला हवीत. तरीही एखादं वाघानं किंवा बिबट्यानं मारलं, तर ते हलवू नका, पुरू नका आणि त्याच्यावर काही शिंपडू तर मुळीच नका. २०२० च्या जानेवारीत गोळावलीच्या रानात चार वाघ विषानं मेले. जागेवरच फोटो काढा, त्याच दिवशी वनखात्याला आणि पशुवैद्याला कळवा, पंचनामा होईपर्यंत माणूस बसवा. पंचनाम्याशिवाय भरपाई नाही. माझं वासरू गेलं तेव्हा मी रडत ते पुरून टाकलं आणि मग अर्ज घेऊन गेले. साहेबांनी विचारलं, "वासरू कुठाय?"