ऐतिहासिक कादंबरीतील वस्तू रूपक म्हणून कशी वाचावी

एखादी वस्तू कादंबरीत वारंवार दिसू लागली की तिला प्रतीक ठरवून मोकळे होण्याचा मोह आवरावा. त्या काळात ती कशासाठी वापरली जात होती आणि कोणाच्या हातात असे, हे आधी पाहावे. हे कळले नाही, तर आपल्याला सापडलेले रूपक कादंबरीतले नसून आपल्याच मनातले असण्याची शक्यता मोठी असते.

चार्ल्स डिकन्स यांच्या १८५९ मधील ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या फ्रेंच राज्यक्रांतीवरील कादंबरीत मादाम दफार्ज दारूच्या दुकानात विणत बसलेली असते आणि ज्यांना संपवायचे त्यांची नावे टाक्यांत नोंदवीत असते. प्रत्यक्ष क्रांतीतही गिलोटिनपाशी, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रापाशी, विणत बसणाऱ्या स्त्रियांची ख्याती होती, म्हणजे ही वस्तू इतिहासातूनच आलेली आहे. आता विणकाम हे उपमान धरले, तर उपमेय कोणते? ‘सूड’ एवढेच उत्तर अपुरे आहे, कारण सूड सुऱ्यानेही दाखवता आला असता. विणकामात टाक्यामागून टाका पडत जातो, हात कधी घाई करीत नाहीत आणि पाहणाऱ्याला त्यात घरगुतीपणाखेरीज काही दिसत नाही. वर्षानुवर्षे साठत गेलेला, कोणाच्या नजरेत न भरलेला राग त्यातून उभा राहतो. वस्तू बदलून पाहिल्यावरही अर्थ तसाच टिकत असेल, तर तो अर्थ त्या वस्तूतून निघालेला नाही, असे खुशाल समजावे.

याच कादंबरीत रस्त्यावर दारूचे पिंप फुटते, भुकेले लोक ती सांडलेली दारू पितात आणि एक जण गाळात बोट बुडवून भिंतीवर ‘रक्त’ असे लिहितो. इथे लेखकानेच अर्थ सांगून टाकला आहे (माझ्या मते जरा जास्तच). तरीही सालाकडे लक्ष द्यावे. प्रसंग १७७५ चा आहे आणि पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडून क्रांती पेटायला अजून चौदा वर्षे आहेत. पात्रांना ठाऊक नसलेले पुढचे वाचकाला ठाऊक असते आणि ऐतिहासिक कादंबरीतल्या रूपकाला खरा जोर या अंतरातूनच मिळतो.

काही वस्तूंचा अर्थ मात्र कथेतच पालटतो. नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या १८५० मधील ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये सतराव्या शतकातल्या बॉस्टनमधील हेस्टरला व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर ‘ए’ हे अक्षर (‘अडल्टरी’ या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर) बाळगावे लागते. पुढे तिची सेवावृत्ती पाहून लोक त्याच अक्षराचा अर्थ ‘एबल’, म्हणजे समर्थ, असा लावू लागतात. आकाशात तेच अक्षर उमटल्यासारखे दिसते, तेव्हा त्या व्यभिचारात हेस्टरचा छुपा साथी असलेल्या पाद्रीला त्यात स्वतःचे पाप दिसते, तर गावकरी त्याला ‘एंजल’, म्हणजे देवदूत, समजतात. म्हणून अशी वस्तू जिथे जिथे येते, तिथे समासात दोन गोष्टी टिपाव्यात: तिच्याकडे कोण पाहत आहे आणि मागच्या खेपेपासून काय बदलले आहे.