मिठाच्या पाण्यात चादर भिजवताय? या चुका टाळा

नवी सोलापुरी चादर घरी आली की सल्ला ठरलेला: "मिठाच्या पाण्यात भिजत घाल, रंग पक्का होईल." होत नाही. बादलीतलं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून आपण फसतो. खारट पाण्यात सुटा रंग धाग्याला धरून राहतो, एवढंच. पुढच्या वेळी साध्या पाण्यात टाकली की तोच रंग सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या बनियनवर जाऊन बसतो.

या समजुतीचं मूळ बहुधा रंगाईत आहे, कारण सूत रंगवताना मीठ खरोखरच लागतं. पाण्यात सुती धाग्यावर ऋण भार येतो, रिअ‍ॅक्टिव्ह रंगावरही (धाग्याशी रासायनिक बंध जुळवणारा रंग) ऋणच, म्हणून दोघं एकमेकांना लांब ढकलतात. मीठ ही ढकलाढकल कमी करतं आणि रंग धाग्याकडे सरकतो. त्याला तिथं कायमचा बांधतो तो मात्र सोडा अ‍ॅश, म्हणजे धुण्याचा सोडा. रंगवून, विणून बाजारात आलेल्या चादरीत मिठाला काही काम उरलेलं नसतं. ती पहिल्या दोन-तीन वेळा वेगळी, गार पाण्यात धुवा, रात्रभर भिजत ठेवू नका, सावलीत वाळवा. तरीही प्रत्येक धुण्याला रंग जातच असेल तर रंगाईच कच्ची आहे, दुकानदाराकडे जा.

घरगुती किंवा छोट्या रंगाईत वेगळीच चूक दिसते: सगळं मीठ एकदम ओतायचं. रंग घाईनं बसतो आणि सूत कुठं गडद, कुठं फिकं निघतं. गडद छटेला लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम मीठ लागू शकतं, पण ते दोन-तीन हप्त्यांत घाला. मातकट मीठ आणि बोअरचं जड पाणी एकत्र आलं की त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम रंग बिघडवतं. पाणी आधी मऊ करून घेतलेलं बरं.

आता पाणी मऊ करण्याचं. बोअरच्या बादलीत मूठभर मीठ टाकून साबणाला फेस येत नाही. सॉफ्टनरमध्ये, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्रात, जडपणा काढते ती रेझिन, बारीक मण्यांसारखी. मीठ फक्त थकलेल्या रेझिनला पुन्हा कामाला लावतं. टाकीत मीठ भरलेलं दिसतंय, तरी पाणी जडच? बारीक मिठाचा वर कडक थर धरून खाली पोकळी झाली असेल. काठीनं हलकेच फोडा आणि पुढच्या वेळी जाडं मीठ भरा. रेझिन धुऊन निघालेलं खारं पाणी तुळशीला घालू नका. पाणी वाया जाऊ नये हे खरं, पण रोप जळतं.

स्वयंपाकघरातलं थोडक्यात: स्टीलच्या पातेल्यात गार पाण्यावर मीठ टाकलं की ते तळाशी बसून बारीक खड्डे पाडतं. पाणी उकळल्यावर टाका, ढवळा.

शेवटी अर्थिंगचा खड्डा, म्हणजे गळतीची वीज जमिनीत सोडणारा. मीठ-कोळसा भरला की दहा वर्षं बघायला नको, असं मानणारे मागाच्या शेडमध्येही भेटतात. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही, त्याला ओल लागते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. मार्चपासूनच पाणी घालत राहा. जास्तीचं मीठ भरलं तर खड्ड्यातला अर्थिंगचा पाइपच गंजतो. मशिनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मीठ आणायला धावू नका. आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनकडून अर्थिंग मीटर लावून मोजून घ्या.