शिडाच्या होडीचा बुजलेला हल क्रमांक कसा वाचला

अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या होड्यांच्या हलवर, म्हणजे मुख्य धडावर, १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो: ट्रान्समवर (होडीच्या मागच्या सपाट भिंतीवर), मागून पाहताना उजवीकडे, वरच्या कडेपासून दोन इंचांच्या आत. माझ्या होडीवर तो रंगाच्या थरांखाली बुजला होता. तिथे सँडपेपर अजिबात लावू नका, उथळ अक्षरं कायमची जातात. टॉर्च आडवा धरून जागा हेरली, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली आणि क्रमांक उमटला.

पहिली तीन अक्षरं उत्पादकाची, पुढची पाच अनुक्रमाची. शेवटी होतं एम७८सी. गफलत इथेच होते. सी म्हणजे मार्च नव्हे! एम असलेल्या जुन्या पद्धतीत ७८ हे मॉडेलचं वर्ष, आणि महिने आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून मोजतात (ए म्हणजे ऑगस्ट). म्हणजे बांधणी ऑक्टोबर १९७७ ची, मॉडेल १९७८ चं. ऑगस्ट १९८४ नंतरच्या क्रमांकांत मात्र ए म्हणजे जानेवारीच.