मॉनिटर नसलेल्या डब्यावर नेटवर्कवरून लिनक्स टाकताना गाडी अडली तर

पीसी इंजिन्स कंपनीचे एपीयू बोर्ड (छोटे संगणक), जुने फायरवॉलचे डबे, रॅकमधले सर्व्हर, यांच्यावर लिनक्स टाकायचं म्हणजे बरेचदा सिरियल केबल (जिच्यावरून डब्याचा मजकूर लॅपटॉपवर दिसतो) आणि नेटवर्क बूट (लॅपटॉपवरून फाइली देऊन डबा सुरू करणं) एवढाच रस्ता उरतो, कारण मॉनिटर लावायला जागाच नसते. इथे इंदूरला ओळखीतल्या पोरांपैकी कोणी असा डबा घेतला की फोन येतो, "काका, काहीच दिसत नाहीये." आता या "काहीच दिसत नाहीये"चे निदान पाच-सहा वेगवेगळे अर्थ असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, शेवटची ओळ कुठली दिसली ते सांग. नेटवर्क इन्स्टॉलमध्ये काम एकाकडून दुसऱ्याकडे जातं, आधी बायोस (मशीनचा स्वतःचा सुरुवातीचा प्रोग्राम), मग डीएचसीपी (नेटवर्कवरचा पत्ता देणारं), मग टीएफटीपी (बूटच्या फाइली पाठवणारं), मग बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा), कर्नल (लिनक्सचा गाभा), इन्स्टॉलर आणि शेवटी मिरर (पॅकेजं जिथून उतरतात तो सर्व्हर), आणि शेवटची ओळ बघून कळतं कोणाच्या हातात काम अडलंय. ते न बघता पेन ड्राइव्ह फॉरमॅट करणं, दुसरी आयएसओ उतरवणं, केबल बदलणं असं सगळं एकदम करत सुटलं तर रात्र जाते आणि हाती काही लागत नाही.

म्हणून सुरुवातीलाच लॉग चालू ठेवा. सिरियलवरचा मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रामांपैकी स्क्रीन वापरत असाल तर कॅपिटल एलचा ऑप्शन द्या, मिनिकॉममध्ये कॅप्चर आहे, सगळं फाइलमध्ये उतरत राहतं. सिरियलवरून मजकूर वर सरकून गेला की परत मिळेलच असं नाही, आणि नेमकी कामाची ओळ तीच असते.

आता केबल. डीबी-९ (नऊ पिनांचं सिरियल) पोर्ट असेल तर बहुतेक वेळा नल मोडेम केबल लागते, म्हणजे २ आणि ३ नंबरची पिन आतून उलटी जोडलेली आणि ५ नंबर ग्राउंड. दिसायला सरळ केबल अगदी तशीच असते त्यामुळे दुकानात विचारूनच घ्या, आणि घरी मल्टिमीटर असेल तर एका टोकाची २ दुसऱ्या टोकाच्या ३ वर बीप देतेय का ते बघा, मिनिटाचं काम आहे. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, ते छोटे यूएसबी-टू-टीटीएल मॉड्यूल मिळतात ना, ३.३ व्होल्टवाले, ते डीबी-९ ला थेट जोडू नका. आरएस-२३२ (डीबी-९ वरच्या सिरियलचं मानक) च्या लाइनवर उणे व्होल्टेज पण असतं आणि १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, मॉड्यूल जळून जाईल. आरएस-२३२ वालं कन्व्हर्टरच घ्या, एफटीडीआय चिपचं मिळालं तर उत्तमच.

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर कन्व्हर्टर टीटीवाय-यूएसबी-० नावाने येतं. परमिशन डिनाइड आलं तर डेबियन-उबंटूवर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या, नुसतं टर्मिनल बंद करून उघडलं तर ग्रुप लागू होत नाही, इथे पुष्कळ लोक अडकतात.

जोडलं आणि कचरा अक्षरं आली तर खुश व्हा, केबल बरोबर आहे, फक्त स्पीड चुकलाय. एपीयूचा ११५२००, त्याच कंपनीच्या जुन्या एलिक्सचा ३८४००, सोक्रिसच्या डब्यांचा १९२००, आणि सिस्कोछाप कन्सोल पोर्टचा बहुतेक ९६००. हे चार लावून बघा, त्यातला एक लागतोच बहुधा. बाकी सेटिंग ८ बिट, नो पॅरिटी, १ स्टॉप बिट.

त्याहून फसवा प्रकार म्हणजे सगळं छान दिसतंय पण टाइप केलेलं पोचतच नाही. पलासियाच्या एका ऑफिसात एक मुलगा याच कारणाने कीबोर्ड बदलत बसला होता, मला म्हणाला, "काका, केबल एकदम नवीन आहे, जेल रोडवरून आणली, बायोसचं सगळं येतंय, पण एफ-१० दाबला तर काही होत नाही." म्हटलं अरे, मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बघ. यस होतं. केबल तीन तारांची, त्यात आरटीएस-सीटीएसच्या तारा नाहीतच, मग मिनिकॉम समोरून "पाठव" असा इशारा येण्याची वाट बघत बसतं आणि तो कधी येतच नाही. नो केलं, एंटर मारलं, लगेच चालायला लागलं. मिनिकॉममध्ये हे बाय डिफॉल्ट चालू असतं म्हणून नवीन माणसाला मी पिकोकॉमच सांगतो, एक ओळीची कमांड आणि फ्लो कंट्रोल आधीपासून बंद. फक्त बाहेर पडायला कंट्रोल-ए मग कंट्रोल-एक्स, हे लक्षात ठेवा.

बायोस दिसला, नेटवर्क बूट चालू केलं, पुढे आता डीएचसीपी. इथले पीएक्सईचे, म्हणजे मशीनमधल्या नेटवर्क बूटचे, एरर नंबर वाचायला शिका, त्यात सगळं लिहिलेलं असतं. पीएक्सई-ई६१ म्हणजे लिंकच नाही, केबल किंवा पोर्ट. ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तर आलं नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण बूट फाइलचं नाव नाही मिळालं. ई३२ म्हणजे टीएफटीपी सर्व्हर उत्तर देत नाहीये. टी०१ म्हणजे सर्व्हर मिळाला पण त्यावर ती फाइल नाही. एपीयूसारख्या बोर्डांवर आयपीएक्सई (त्याच कामाचा वेगळा प्रोग्राम) असतं, ते हे नंबर देत नाही, तिथे "नथिंग टू बूट" दिसलं तर तो ई५३ चाच भाऊ समजा.

ई५३ घरी किंवा छोट्या ऑफिसात सगळ्यात जास्त येतो आणि कारण जवळजवळ नेहमी तेच, ब्रॉडबँडवाल्याचा राऊटर पण डीएचसीपी देतोय. तुमच्या लॅपटॉपवरचं डीएनएसमास्क (डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही देणारा प्रोग्राम) उत्तर देईपर्यंत राऊटरने पत्ता देऊन टाकलेला असतो आणि त्याला बूट फाइल म्हणजे काय हेच माहीत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक तर डबा आणि लॅपटॉप वेगळ्या छोट्या स्विचवर घ्या आणि लॅपटॉपच्या वायफायवरून नेट पुढे द्या. नाहीतर डीएनएसमास्क प्रॉक्सी मोडमध्ये चालवा, म्हणजे पत्ता राऊटरच देईल, फाइलचं नाव फक्त आपण सांगायचं. मला स्वतःला वेगळा स्विच आवडतो कारण मग त्या तारेवर तिसरं कोणी बोलतच नाही आणि जे काही बिघडेल ते आपलंच असतं, शोधायला सोपं.

ई५१ आला आणि स्विच मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) असेल, तर स्पॅनिंग ट्रीवर (तारांचा फेरा होऊ नये म्हणून स्विच करतो त्या तपासणीवर) संशय घ्या. पोर्टला लिंक आल्यावर स्विच १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंगमध्ये घालवतो, या ३० सेकंदांत डब्याच्या हाका कुठेच पोचत नाहीत आणि तो कंटाळून पुढे जातो. त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट बघणं टाळणारं सेटिंग) चालू करा, किंवा मध्ये एक साधा अनमॅनेज्ड स्विच टाका, म्हणजे मोठ्या स्विचची लिंक सतत वरच राहते.

यापुढे अंदाज करत बसू नका, लॅपटॉपवर दुसऱ्या टर्मिनलमध्ये टीसीपीडम्प (तारेवरची ये-जा दाखवणारी कमांड) लावा, पोर्ट ६७, ६८ आणि ६९. डब्याने हाक मारली का, आपण उत्तर दिलं का, फाइल मागितली का, सगळं डोळ्यांसमोर येतं. डीएनएसमास्कमध्ये डीएचसीपीचं लॉगिंग चालू करायची ओळ पण घाला. फाइलची मागणी ६९ वर येताना दिसतेय पण पुढे काही नाही, असं झालं तर लॅपटॉपचा फायरवॉल बघा. टीएफटीपीची गंमत अशी की मागणी ६९ वर येते पण फाइल मात्र सर्व्हर नव्याच पोर्टवरून पाठवतो, त्यामुळे नुसतं ६९ उघडून भागेलच असं नाही. इन्स्टॉल होईपर्यंत त्या एका इंटरफेसवर फायरवॉल सैल सोडा, नंतर परत लावा.

आणि मशीन बायोस मोडमध्ये आहे का यूईएफआय (बायोसची नवी पिढी), ते आधी ठरवा. डेबियनच्या नेटबूट टारमध्ये (नेटवर्क बूटच्या फाइलींच्या गठ्ठ्यात) दोन्हीच्या फाइली असतात, बायोसला पीएक्सईलिनक्स हा बूटलोडर, यूईएफआयला बूटनेट-एक्स६४ ची ईएफआय फाइल. चुकीची दिली तर फाइल पूर्ण उतरते आणि मग डबा गप्प बसतो किंवा परत पहिल्यापासून सुरू होतो.

आता सगळ्यात जास्त फोन ज्याचे येतात ते. कर्नल उतरला, इनिटआरडी (इन्स्टॉलर जिच्यात असतो ती फाइल) उतरली, ओके आलं, आणि मग काळा पडदा. लोक म्हणतात हँग झालं. नाही हो, बहुतेक वेळा इन्स्टॉलर आत मजेत चालू असतो, भाषा निवडा म्हणून विचारत थांबलेला, फक्त तो नसलेल्या मॉनिटरवर विचारतोय. कर्नलच्या ओळीत कन्सोल बरोबर टीटीवाय-एस-०, स्वल्पविराम, ११५२००-एन-८ (console=ttyS0,115200n8) असं द्यायलाच हवं. यात एस कॅपिटल हवा. छोटा एस लिहिला तर कर्नल चूक दाखवत नाही, नुसता गप्प राहतो आणि तुम्ही अर्धा तास दुसरीकडे शोधता. दोन कन्सोल दिलेत तर शेवटी लिहिलेला मुख्य धरला जातो, म्हणून सिरियल नेहमी शेवटी. सर्व्हरवर आयपीएमआयमधून (सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) सिरियल बघत असाल तर तिथे एस-० ऐवजी एस-१ असण्याची शक्यता बरीच, तेही लावून बघा.

टारमधल्या तयार कॉन्फिगवर विसंबू नका, ती मॉनिटरवाल्यांसाठी आहे. स्वतःची चार-पाच ओळींची डिफॉल्ट फाइल लिहा, पहिलीच ओळ सिरियल ० ११५२००, कारण पीएक्सईलिनक्सला ही ओळ सगळ्यांच्या आधी हवी असते. तयार ओळीत व्हीजीए बरोबर ७८८ असं असेल तर ते काढून टाका. ज्या डब्याला ग्राफिक्सच नाही तिथे कर्नल "हा व्हिडिओ मोड माहीत नाही, स्पेस दाबा नाहीतर ३० सेकंद थांबा" असं म्हणून थांबतो, आणि लोकं त्या ३० सेकंदांत वैतागून पॉवर काढतात.

कर्नलच्या ओळीत डेबियनवाल्यांसाठी अजून एक, तीन डॅश असतात ना शेवटी, कन्सोलचं त्यांच्या नंतर लिहा. तीन डॅशच्या पुढचं जे असतं ते इन्स्टॉलर नवीन सिस्टिमच्या ग्रबमध्ये (डिस्कवरच्या बूटलोडरमध्ये) पण उतरवतो. म्हणजे रीबूटनंतर परत काळा पडदा नाही.

इन्स्टॉलर दिसायला लागला पण चौकटींच्या जागी विचित्र अक्षरं आहेत, तर टर्मिनलची खिडकी ८० बाय २४ वर आणा, कंट्रोल-एल दाबून परत रंगवा. फार तुटक असेल तर भाषेत सी निवडा, साधं इंग्रजी आणि साध्या रेघा. हे दिसण्यापुरतंच, यावर जास्त वेळ घालवू नका.

डेबियनचा इन्स्टॉलर सिरियलवर स्क्रीन प्रोग्रामच्या आत चालतो, खाली पट्टीवर इन्स्टॉलर, शेल, शेल, लॉग असं दिसेल. शेलवर जायला कंट्रोल-ए आणि २, लॉगला ४. पण तुम्ही लॅपटॉपवर पण स्क्रीन वापरत असाल तर कंट्रोल-ए बाहेरचाच गिळतो, तेव्हा कंट्रोल-ए, मग नुसता ए, मग आकडा. पिकोकॉममध्ये कंट्रोल-ए दोनदा. हे कळलं की अर्धी लढाई सोपी होते कारण खरं कारण त्या चार नंबरच्या लॉगमध्येच असतं, निळ्या चौकटीत फक्त "काहीतरी बिघडलं" एवढंच येतं.

तिथे नेहमी सापडणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, "नो कर्नल मॉड्यूल्स वेअर फाउंड". मागच्या वर्षीची नेटबूट फाइल टीएफटीपीत पडलेली असते, दरम्यान डेबियनचं पॉइंट रिलीज (दुरुस्त्यांची छोटी आवृत्ती) येऊन जातं, मिररवर नवीन कर्नलचे मॉड्यूल आणि आपल्या हातात जुना कर्नल. सेटिंग काहीच बदलायचं नाहीये, नेटबूट टार परत उतरवा, बस. म्हणून मी टार जपून ठेवतच नाही, प्रत्येक नव्या कामाला ताजं घेतो.

दुसरी, मिरर चुकीचा आहे असं सांगून अडतो, आणि पिंग तर जातोय. शेलमध्ये डेट कमांड मारा. जुन्या डब्याची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते आणि घड्याळ कुठल्या कुठे मागे, मग मिररवरची रिलीज फाइल (पॅकेजांच्या याद्यांची सही केलेली फाइल) "अजून लागूच झालेली नाही" असं ठरतं, आणि एचटीटीपीएस असेल तर सर्टिफिकेट पण नाकारलं जातं. तारीख हाताने बरोबर करा, पुढे जा, बॅटरी नंतर बदला पण बदला नक्की, आपल्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की परत तेच होणार.

नेटवर्क कार्डच सापडत नसेल तर लॉगमध्ये फर्मवेअर (कार्ड चालायला त्यात चढवावी लागणारी फाइल) हा शब्द शोधा. बूकवर्म, म्हणजे १२ पासून डेबियनच्या अधिकृत आयएसओत फर्मवेअर असतं, पण नेटबूटच्या छोट्या इनिटआरडीत ते नसतं, वेगळं जोडावं लागतं. आणि कार्डं तीन-चार असतील तर इन्स्टॉलर चुकीच्या कार्डावर डीएचसीपी मागत बसू शकतो, पीएक्सईलिनक्सच्या कॉन्फिगमध्ये आयपीअपेंड २ लिहिलं तर ज्या कार्डावरून बूट झालं तेच तो धरतो.

सिरियलवरून काम करायचा कंटाळा आला, आणि ९६०० वर असाल तर येणारच, सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात, तर सुरुवातीलाच इन्स्टॉलरच्या मेनूतून नेटवर्क कन्सोल घ्या, पासवर्ड द्या आणि पुढचं सगळं एसएसएचवरून (नेटवर्कवरून लॉगिन करून) इन्स्टॉलर नावाच्या युझरने करा. सिरियल मात्र जोडलेलीच ठेवा.

इन्स्टॉल झाल्यावर रीबूटच्या आधी बूट ऑर्डर बदला, नाहीतर डबा परत नेटवर्कवरून इन्स्टॉलरच उघडेल. लॉगिन प्रॉम्प्ट आला की ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये टर्मिनल सिरियल आहे का, स्पीड बरोबर आहे का बघा आणि अपडेट-ग्रब चालवा. कर्नलच्या ओळीत सिरियल कन्सोल असेल तर सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) लॉगिन आपोआप देतो, वेगळं काही करावं लागत नाही. मग ग्रबचा मेनू सिरियलवर दिसतोय याची खात्री करायला एकदा मुद्दाम रीबूट करा, कारण उद्या कर्नल अपडेट बिघडला तर जुना कर्नल निवडायला तोच मेनू लागेल.

निघायच्या आधी लॅपटॉपवरचं डीएनएसमास्क बंद करा आणि बूटला आपोआप सुरू होणारं पण बंद करा. तसाच लॅपटॉप दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या नेटवर्कला लावलात तर तिथल्या लोकांना पत्ते तुमचा लॅपटॉप वाटायला लागेल.