डिझेल फॅमिली मिनीव्हॅन: आकडे वाचताना आणि गाडी चालवताना या चुका टाळा

टेस्ट ड्राइव्हला गाडीत दोन-तीन माणसं असतात, मागच्या सीट दुमडलेल्या असतात आणि डिकी रिकामी असते. पुढे तीच गाडी वर्षानुवर्षं सहा-सात माणसं, बॅगा आणि छतावरचं सामान घेऊन धावणार असते. चढावर दम टाकते, पिवळा दिवा सारखा लागतो, क्लच लवकर गेला, अशा तक्रारींपैकी बऱ्याच मुळात गाडीच्या नसतातच. रिकाम्या गाडीचा अंदाज भरलेल्या गाडीला लावला जातो आणि डिझेल इंजिन पेट्रोलसारखं हाकलं जातं, तिथून त्या सुरू होतात.

फक्त पीएसचा आकडा बघून पिकअप ठरवणं

रेनो ग्रँड सेनिकमध्ये आलेलं १.६ लिटरचं डीसीआय १३० इंजिन घ्या. माहितीपत्रकात दोन ओळी असतात: ४००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) १३० पीएस (अश्वशक्ती) आणि १७५० आरपीएमला ३२० एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. या दोन ओळी एकाच वेळी लागू पडत नाहीत, हे लक्षात न घेतल्यामुळे घोटाळा होतो. हिशेब सोपा आहे. टॉर्कला आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा, की किलोवॅट मिळतात. १७५० ला ३२० एनएम म्हणजे साधारण ५८.६ किलोवॅट, म्हणजे ८० पीएस. उलट बाजूने बघा: ४००० ला १३० पीएस मिळतात तेव्हा टॉर्क २२८ एनएमपर्यंत उतरलेला असतो.

याचा अर्थ गाडीची खरी ओढ १७०० ते ३००० च्या दरम्यान आहे. ३५०० च्या पुढे ताणून आवाज वाढतो, हाती फारसं काही लागत नाही. १४०० च्या खाली तर टर्बो पुरेशी हवाच देत नाही, तिथे ३२० एनएम विसरा.

आता वजन. चालकासह १५५० किलोची गाडी पूर्ण भरली की २१५० किलोची होते असं धरू. १३० पीएस तेच, पण टनामागे ८४ पीएस होते ते ६० वर आले. टेस्ट ड्राइव्हला चटपटीत वाटलेली गाडी घाटात जड का वाटते, याचं उत्तर एवढंच आहे. अशा वेळी इंजिनमध्ये दोष शोधत बसू नका. नेहमी गाडी भरूनच जाणार असाल तर टेस्ट ड्राइव्हलाही भरूनच न्या.

साठच्या वेगात सहावा गिअर

या गाड्यांचा सहावा गिअर १००० आरपीएमला साधारण ५० किमी वेग देईल असा लांब असतो. ६० वर सहावा टाकला की इंजिन जेमतेम १२०० वर फिरतं. समोर ट्रक आला, पाय पूर्ण दाबला, तर काय होतं? खालून घुमल्यासारखा आवाज येतो, आरसा थरथरतो आणि गाडी वेग घेत नाही. आत डिझेल भरपूर सोडलं जातं, हवा कमी पडते, काजळी होते. शिवाय प्रत्येक स्फोटाचा हिसका ड्युअल मास फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिन आणि क्लचमधल्या दोन भागांच्या चाकाच्या, स्प्रिंगांवर बसतो. हे महागडं चाक अकाली खिळखिळं होण्यामागे ही सवय मोठं कारण आहे.

ओव्हरटेक करायचं तर आधी गिअर, मग पाय. ६० वर चौथ्यात इंजिन १८०० ते २००० च्या आसपास असतं, तिथून गाडी सरळ ओढते. गाडी भरलेली आणि रस्ता दुपदरी असेल तर तिसरा घ्या आणि ३५०० च्या आत पुढचा टाका. मीटरमधला गिअर बदलण्याचा बाण फक्त डिझेल वाचवण्याचा विचार करतो. भरलेल्या गाडीने चढ चढताना त्याचं ऐकू नका.

उतारावरही तेच. पेट्रोल इंजिनाइतकी पकड डिझेल इंजिन पाय सोडल्यावर देत नाही, त्यामुळे पेट्रोल गाडीत जो गिअर ठेवला असता त्याहून एक खालचा ठेवा. लांब उतारावर ब्रेकवर सतत पाय ठेवून २१०० किलो रोखून धरले, तर डिस्क तापते, पेडल मऊ लागतं आणि जळका वास येतो.

सात सीट म्हणजे सात माणसं आणि त्यांचं सगळं सामान

युरोपीय पद्धतीच्या माहितीपत्रकात गाडीच्या वजनात चालकाचे ७५ किलो आधीच धरलेले असतात. वरच्या उदाहरणात कमाल वजन २१५० वजा १५५० म्हणजे ६०० किलो उरतात. बाकी सहा जणांचे प्रत्येकी ७५ धरले तर ४५० गेले. उरले १५०. त्यात बॅगा, पाण्याचे कॅन, छतावरचा बॉक्स, सगळं आलं. छताची मर्यादा वेगळी असते, बहुतेक गाड्यांत ७५ ते १०० किलो, आणि त्यात आडव्या पट्ट्या आणि रिकामा बॉक्स यांचंही वजन धरायचं असतं. लोक हे हमखास विसरतात. जड बॅगा खाली, सीटच्या पाठीला टेकून ठेवा. छतावर गाद्या-कपडे जाऊ द्या. ही गाडी मुळातच उंच, वर वजन चढवलं की वळणावर झुकते आणि आडव्या वाऱ्यात स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं.

टायरची हवा मात्र सगळ्यात दुर्लक्षित. चालकाच्या दाराच्या चौकटीत किंवा डिझेलच्या झाकणामागे स्टिकर असतो, त्यावर दोन रकाने असतात: कमी भार आणि पूर्ण भार. मागच्या टायरला कमी भाराला २.३ बार (३३ पीएसआय) आणि पूर्ण भाराला २.९ बार (४२ पीएसआय), एवढा फरक असू शकतो. कमी हवेवर भरलेली गाडी पळवली की टायरची बाजू सतत दुमडत राहते, तापते आणि फुटते. हवा थंड टायरमध्येच तपासा. धावून तापलेल्या टायरमध्ये ती जास्त दिसते म्हणून काढून टाकणं ही वेगळी चूक आहे. सहल संपल्यावर हवा पुन्हा पहिल्या रकान्यावर आणा, नाहीतर रिकामी गाडी मागून उड्या मारते आणि शॉकॲब्सॉर्बर गेले असं वाटतं.

टायर बदलताना नुसतं २०५/५५ आर १६ सांगून थांबू नका, पुढचा भारांक बघा. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो. स्टिकरवर ९४ असताना स्वस्त पडतो म्हणून ९१ चा टायर घालू नका.

भरलेल्या गाडीचं मागचं टोक दबतं आणि दिवे वर जातात. डॅशबोर्डवरचं छोटं चाक ० वरून २ किंवा ३ वर आणा. समोरचे लोक डिपर मारतात ते उगाच नसतं.

काजळीचा फिल्टर: दिवा लागेपर्यंत वाट बघणं

शाळा, बाजार, पुन्हा घर, प्रत्येक फेरी तीन-चार किलोमीटरची, अशीच गाडी चालणार असेल तर डिझेल घेऊच नये. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा त्रास इथून निघतो.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या मार्गातला काजळी अडवणारा फिल्टर. तो भरला की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून त्याचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळतं. गाडी आणि वापर यांनुसार काही शे किलोमीटरनी ही सफाई होते आणि १० ते २० मिनिटं चालते. नेमकी मध्येच गाडी बंद केली की सफाई अर्धवट राहते. तीन-चार वेळा असं झालं की दिवा लागतो.

सफाई चालू आहे हे ओळखायचं कसं? उभ्या गाडीत आरपीएम नेहमीच्या ८०० ऐवजी १००० च्या आसपास दिसतात. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) काम करत नाही. त्या क्षणीचं ॲव्हरेज एकदम पडतं. गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो आणि गरम धातूचा वास येतो. ही लक्षणं दिसली तर आणखी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा.

फक्त डीपीएफचा दिवा लागला असेल, तर मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं ६० च्या वर, चौथ्या किंवा पाचव्यात, २००० ते २५०० आरपीएमवर स्थिर चालवा. टाकीत पुरेसं डिझेल ठेवा, रिझर्व्ह लागलेलं असताना बऱ्याच गाड्या सफाई सुरूच करत नाहीत. सोबत इंजिनचा दिवा लागला असेल किंवा ग्लो प्लगचा दिवा लुकलुकत असेल, तर मात्र हा प्रयोग करू नका. तेव्हा सेन्सर, इंजेक्टर किंवा टर्बोकडे बघावं लागतं.

लांब फिरूनही दिवा जात नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे न सोडणारा भाग) तपासा. तो उघडा अडकला की इंजिन ९० अंशांना पोचत नाही आणि सफाईला परवानगीच मिळत नाही. उतारावर तापमानाचा काटा खाली येतो, ही त्याची खूण. स्वस्तातला भाग बदलून सुटणाऱ्या या कारणापायी अख्खा डीपीएफ बदललेल्या गाड्या आहेत.

इंजिन ऑइलही याच साखळीतलं. अर्धवट सफाईतलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. कमाल रेषेच्या वर गेली असेल तर ऑइल लगेच बदला. ऑइल कंपनीच्या पुस्तिकेतल्या दर्जाचंच, म्हणजे कमी राख सोडणारं, बहुधा एसीईए या युरोपीय मानकाच्या सी वर्गातलं. काजळी जळते, राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची साठते आणि टाकीत ओतायचं कुठलंही औषध ती काढत नाही.

ताकद एकदम गेली की थेट टर्बो बदलणं

आरपीएम ३००० च्या पुढे जात नाहीत, गाडी ओढत नाही: इंजिन स्वतःला सांभाळायच्या मोडमध्ये गेलं आहे. तपासणीचा क्रम स्वस्तातून महागाकडे ठेवा. आधी स्कॅनरवर कोड वाचा, पुसू नका. एअर फिल्टर बघा. मग टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) ते इंजिन हे रबरी पाइप हाताने चाचपा. ओढताना फुसफुस आवाज आणि मागे काळा धूर असेल तर बहुतेक वेळा पाइप चिरलेला किंवा क्लिप सुटलेली असते. त्यानंतर टर्बोच्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा बूस्ट सेन्सर, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह आणि शेवटी टर्बोची काजळीने अडकलेली पाती.

आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, तर दोष क्लचचा. चौथ्यात २००० वर पाय पूर्ण दाबून बघा, घसरणारा क्लच तिथे पकडला जातो. गाडी सुरू किंवा बंद होताना खडखड होत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील तपासा. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर दोन्ही एकदम बघून घ्या, मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.

चुकीच्या टाकीत चुकीचं

एडब्लू (धुरातले विषारी वायू कमी करणारा युरियाचा द्रव) लागणाऱ्या गाडीत निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. एडब्लू डिझेलच्या टाकीत गेलं किंवा डिझेलच्या टाकीत पेट्रोल भरलं गेलं, तर नियम एकच: चावी फिरवू नका, बटणही दाबू नका. बऱ्याच गाड्यांत नुसतं इग्निशन चालू केलं तरी टाकीतला पंप फिरायला लागतो आणि चुकीचा द्रव हाय प्रेशर पंपापर्यंत पोचतो. त्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. पेट्रोलने तो कोरडा घासतो आणि धातूचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.