नोकरीचे पहिले कपडे: अमळनेरच्या शिंप्याचं ऐका

आमच्या अमळनेरात पोराला नोकरी लागली की आई पेढे घेऊन येते आणि पोरगा माप द्यायला. मी ३१ वर्षं कात्री धरतोय. "काका, एकदम भारी दिसलं पाहिजे," असं प्रत्येक जण सांगतो. मी म्हणतो, भारी राहू दे. दिवसभरात शर्ट किती वेळा ओढावा लागतो, ते आधी बघ. साहेबासमोर बोलताना ज्याचा हात सारखा कॉलरकडे जातो, त्याचं अर्धं लक्ष कपड्यातच अडकलेलं असतं.

आधी कापड. माझे वडील प्रताप मिलमध्ये कामाला होते. कापड चिमटीत धरून ओळखायला त्यांनी शिकवलं, पण तुम्हाला सोपी युक्ती सांगतो. कडेचा एक धागा काढा आणि मोकळ्या जागी पेटवा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख झाली, तर सुती. वितळून टणक मणी झाला, तर त्यात पॉलिस्टर आहे. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तिथे निव्वळ पॉलिस्टर अंगावर नको. सुती चुरगळतं हे खरं. रोज इस्त्री होणार नसेल तर सुती जास्त असलेलं मिश्र कापड घ्या. लिनन मात्र एसटीने अप-डाऊन करणाऱ्याने घेऊच नये. धुळ्याला उतरेपर्यंत त्याची पार रया जाते.

रंगाचं गणित घामावर. फिकट निळा आणि राखाडी हे दोन्ही रंग काखेतला ओला डाग लांबून दाखवतात. पांढरा किंवा गडद निळा झाकून घेतो. काळ्या पँटवर आपल्याकडची धूळ लगेच दिसते, त्यापेक्षा मातकट बरी.

शिवून घेणार असाल तर ३६ इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) सव्वादोन ते अडीच मीटर कापड पूर्ण बाहीच्या शर्टाला पुरतं. सुती असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवूनच शिंप्याकडे द्या. एकदा घाईत मी न भिजवता शिवलं. पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटाच्या वर गेल्या आणि दुसरं कापड माझ्या खिशातून गेलं!

आता खरी परीक्षा, आणि ती आरशासमोर ताठ उभं राहून होत नाही. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं जायला हवीत. मग स्टुलावर बसा, मोटारसायकलचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा, वरच्या फळीवरची फाईल काढल्यासारखे वर न्या. पाठीत ओढ बसली किंवा शर्ट पँटीतून बाहेर आला, तर परत करा. दुकानदार "बठ्ठं बराबर शे" (सगळं बरोबर आहे) म्हणेल. त्याला दिवसभर तो घालायचा नाही.

मुलींना दोन गोष्टी जास्तीच्या. छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडत असेल तर आतून एक टिचबटण लावून घ्या. आणि कुर्त्याला बाजूच्या शिवणीत खिसा मागाच. शिंपी कुरकुर करेल, मीही करतो, पण लावून देतो. वाकून गळा तपासायला विसरू नका.

शिवणीत इंचभर माया, म्हणजे आत जास्तीचं कापड, ठेवायला सांगा. नोकरी लागल्यावर वर्षभरात पोट सुटतं, हे मी मापाच्या वहीत बघत आलोय. माया असली की पँट उसवून मोठी करता येते.

तीन शर्ट, दोन पँट एवढ्यावर सुरुवात पुरे. नवा शर्ट थेट रुजू व्हायच्या दिवशी घालू नका. आधीच्या रविवारी तो घालून जेवा, गाडी चालवा, दुपारी बाजारात हिंडून या. काही टोचलं, काचलं तर संध्याकाळी घेऊन या. दुकान आठपर्यंत उघडं असतं, आणि पहिल्या पगाराआधी मी दुरुस्तीचे पैसे घेत नाही.